सर्किट बोर्डाची मूळ प्रत कुठली: आकृती की मजकूर?

संशोधनाची तयारी करताना एक सवय लवकर लावून घ्या. 'आता काळ बदलला' अशा अर्थाचं वाक्य कुठेही दिसलं, की लगेच विचारायचं: आधी नक्की काय होतं? बऱ्याचदा उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं निघतं, आणि संशोधनाचा प्रश्न नेमका त्या फरकात दडलेला असतो.

आज हीच सवय एका छोट्या विषयावर वापरून बघू. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांच्या कानावर हल्ली एक वाक्य वारंवार येतं: सर्किट बोर्डासाठी स्किमॅटिक काढत बसायचे दिवस संपले, आता बोर्ड कोडमध्ये लिहायचा. यात एक इतिहास गृहीत धरलेला आहे. आधी माणसं आकृत्या काढत होती, नंतर कोड आला, म्हणजे प्रवास चित्राकडून मजकुराकडे झाला. ऐकायला पटतं. पण कागदपत्रं बघितली, तर घटनांचा क्रम असा नाही.

याच्याशी तुमचा काय संबंध? अगदी थेट आहे. प्रयोगशाळेत बोर्ड बनवणारा विद्यार्थी चार-पाच वर्षांनी पदवी घेऊन निघून जातो. बोर्ड कपाटात राहतो, फाइल कुठल्यातरी डिस्कवर राहते. पुढचा विद्यार्थी तोच प्रयोग पुन्हा करायला बसतो, तेव्हा त्याला काय मिळणार, हे तुम्ही कुठली नोंद 'मूळ' मानलीत त्यावर ठरतं.

एकाच जमिनीच्या दोन नोंदी

पुण्याच्या पश्चिमेला मुळशी तालुका. हिंजवडी आणि माण ही आयटी पार्कची गावं याच तालुक्यात येतात. या भागात कुणी जमीन घ्यायला निघालं, की दोन कागद मागतो: सातबारा आणि गटाचा नकाशा. जमीन एकच, नोंदी दोन. नकाशा बघितला की शेजारी कोण, रस्ता कुठून, हे एका नजरेत कळतं. सातबाऱ्यावर नाव, क्षेत्र, बोजा हे सगळं ओळीने लिहिलेलं असतं. ते शोधता येतं, मोजता येतं, एका नोंदीत बदल झाला तर नेमका तेवढाच दाखवता येतो. दोन्ही जुळत नसतील, तर भांडण ठरलेलं.

सर्किटचंही तसंच आहे. स्किमॅटिक हा नकाशा. आणि सातबारा म्हणजे नेटलिस्ट, कुठल्या भागाची कुठली पिन कुठल्या जोडणीला लागते याची यादी. एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर असलेला साधा लो-पास फिल्टर घ्या. त्याची यादी देवनागरीत लिहिली तर अशी होईल:

आर१ इन आउट १०के
सी१ आउट ० १००एन

पहिली ओळ सांगते, 'इन' आणि 'आउट' या दोन बिंदूंमध्ये १० किलो-ओहमचा रेझिस्टर आहे. दुसरी सांगते, 'आउट' आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे. शून्य म्हणजे ग्राउंड. एवढ्या दोन ओळींवरून या फिल्टरची कटऑफ फ्रिक्वेन्सी काढता येते, ती साधारण १५९ हर्ट्झ येते. आकृतीत जी विद्युत माहिती असते ती सगळी या दोन ओळींत आहे. रेझिस्टर डावीकडे काढला की उजवीकडे, एवढंच काय ते गेलं.

आता आपला प्रश्न नीट मांडता येतो. या दोन नोंदींपैकी मूळ कुठली आणि तिच्यावरून तयार झालेली कुठली? पुढचा सगळा इतिहास या एका प्रश्नावर बेतलेला आहे.

संगणकाला आधी मिळाली ती यादी

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, १९५० च्या दशकात एक संगणक घडवला गेला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र उभं केलं, मग पूर्ण आकाराचं. ते फेब्रुवारी १९६० मध्ये कार्यान्वित झालं आणि पुढे १९६२ मध्ये त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळालं. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. या आकड्यांकडे जरा थांबून बघा. प्रत्येक रेझिस्टरला दोन टोकं, म्हणजे फक्त रेझिस्टरांची २५,००० टोकं कुठेतरी जोडलेली. एवढा पसारा माणसाला समजावा म्हणून आकृती लागतेच. पण 'ही तार इथून तिथे लागली का' हे तपासायचं असेल, तर ओळीने खुणा करता येईल अशी यादी हातात असलेली बरी.

पुढच्या दशकात ही यादी यंत्राला वाचता येईल अशी झाली. पिनभोवती तार गुंडाळून जोडणी करायच्या पद्धतीला वायर-रॅप म्हणतात. अमेरिकेत गार्डनर-डेन्व्हर कंपनीची स्वयंचलित यंत्रं पंचकार्डांवरची यादी वाचून हे काम करू लागली. १९६५ मध्ये आलेला डीईसी कंपनीचा पीडीपी-८ हा संगणक त्या काळाच्या मानाने स्वस्त पडला, त्याच्या कारणांत हे यंत्रही होतं. त्याच्या मागच्या पट्टीवरच्या तारा हाताने न जोडता यंत्राने जोडल्या जात. यंत्राला आकृती दाखवून उपयोग नव्हता. त्याला लागायची यादी.

मग आला स्पाइस. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात लॉरेन्स नागेल या विद्यार्थ्याने डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली हा सर्किट सिम्युलेशनचा प्रोग्राम लिहिला. तो १९७३ मध्ये लोकांसमोर आला आणि १९७५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती. भाषा फोरट्रान, इनपुट पंचकार्डांवर. वर दिलेल्या दोन ओळींसारखी प्रत्येक ओळ म्हणजे एक कार्ड. कार्डांच्या गठ्ठ्याला 'डेक' म्हणत, आणि कार्डं जाऊन कित्येक वर्षं झाली तरी स्पाइसच्या फाइलला आजही 'डेक' म्हणतात. जुने शब्द असे टिकून राहतात. इतिहास लिहिणाऱ्याला तो आयता पुरावा असतो, लक्ष ठेवा.

म्हणजे १९७३ मध्ये सर्किट संगणकाला द्यायचं, तर मजकूर लिहूनच द्यावं लागे. माणूस कागदावर आकृती काढे, बिंदूंना क्रमांक देई आणि हाताने ओळी लिहून काढी. आकृती माणसासाठी, मजकूर यंत्रासाठी. दोन्हींमधला दुभाषा म्हणजे तो विद्यार्थीच.

बोर्डाचं चित्र तर वेगळ्याच ठिकाणी बनत असे. पारदर्शक फिल्मवर काळी चिकटपट्टी लावून तांब्याच्या रेषा मांडायच्या, मूळ आकाराच्या दुप्पट किंवा चौपट, आणि मग कॅमेऱ्याने लहान करायच्या. पट्टी चुकीच्या जागी लागली, तर ते सांगणारं कुणी नव्हतं. स्किमॅटिक शेजारी ठेवून, रंगीत पेन्सिलीने एकेक रेघ तपासायची, एवढाच उपाय.

आकृती पडद्यावर आली, यादी आत गेली

१९८० च्या दशकात परिस्थिती बदलली. डेझी, मेंटर आणि व्हॅलिड या अमेरिकन कंपन्यांनी पडद्यावर स्किमॅटिक काढायची वर्कस्टेशनं आणली. दशकाच्या मध्यावर ऑरकॅड आणि ऑस्ट्रेलियातलं प्रोटेल साध्या पीसीवर आलं, १९८८ मध्ये जर्मनीतून ईगल. १९९२ मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ-पिएर शारास यांनी किकॅड सुरू केलं.

या सगळ्यांत रचना एकच होती. तुम्ही चिन्हं ठेवता, रेषा जोडता. प्रोग्राम त्यावरून नेटलिस्ट काढतो. नेटलिस्ट ले-आउटच्या प्रोग्रामकडे जाते, आणि तांब्याच्या रेषा तिच्याशी जुळतात की नाही हे यंत्र तपासतं. पेन्सिलीने खुणा करायचं काम संपलं.

आपल्या प्रश्नाच्या भाषेत सांगायचं तर या दशकात मूळ प्रत बदलली. आकृती मूळ झाली, यादी तिच्यावरून तयार होऊ लागली. मजकूर नाहीसा झाला नव्हता. तो आत गेला होता, जिथे वापरणाऱ्याला तो बघावाच लागत नाही. म्हणूनच १९९० नंतर शिकलेल्या अनेकांना वाटतं की सुरुवातीपासून सगळं आकृतीचंच होतं, आणि कोड ही अगदी नवी कल्पना आहे.

चिप मजकुराकडे गेली, बोर्ड का गेला नाही?

गंमत बघा. ज्या दशकात बोर्ड पडद्यावरच्या आकृतीकडे वळला, त्याच दशकात चिप उलट दिशेने निघाली.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८० मध्ये व्हीएचएसआयसी नावाचा चिपविषयक कार्यक्रम सुरू केला. त्यांची अडचण कागदपत्रांची होती. वेगवेगळ्या पुरवठादारांकडून चिप्स घ्यायच्या, उपकरणं दीर्घकाळ वापरायची, आणि तोवर ती चिप बंद झाली तर दुसऱ्याकडून बनवून घ्यायची. त्यासाठी चिप नेमकं काय करते याची, कुठल्याही एका कंपनीवर अवलंबून नसलेली नोंद हवी होती. १९८३ मध्ये अशी भाषा घडवायचं कंत्राट दिलं गेलं आणि १९८७ मध्ये व्हीएचडीएल ही भाषा आयईईईचं मानक झाली. म्हणजे व्हीएचडीएलचा जन्म नोंद टिकवण्याच्या गरजेतून झाला. तिच्यातून चिप बनवणं नंतर आलं. व्हेरिलॉग ही दुसरी भाषा १९८४ च्या सुमारास प्रभू गोयल यांच्या गेटवे कंपनीत फिल मूर्बी यांच्या पुढाकाराने घडली, ती मुख्यतः सिम्युलेशनसाठी.

मग १९८० च्या दशकाच्या अखेरीला लॉजिक सिंथेसिस आलं. सिनॉप्सिस ही कंपनी १९८६ मध्ये याच कामासाठी स्थापन झाली. तुम्ही 'या दोन संख्यांची बेरीज कर' एवढं लिहायचं, आणि त्यासाठी कुठली गेट्स कशी जोडायची हे प्रोग्राम ठरवणार. हा खरा बदल होता. स्पाइसच्या मजकुरात माणूस प्रत्येक जोडणी स्वतः लिहीत होता. इथे माणूस फक्त वर्तन लिहितो, जोडण्या यंत्र काढतं.

हीच वाट आपल्याकडे किती पुढे गेली ते बघायचं असेल, तर आयआयटी मुंबईचा 'अजित' प्रोसेसर बघा. प्रा. माधव देसाई यांच्या गटाने तो घडवला आणि २०१९ मध्ये तो जाहीर झाला. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने त्याची चिप बनली. या गटाने 'अहीर' नावाची स्वतःची टूल्स तयार केली होती. सी भाषेसारखं वर्णन द्यायचं, त्यातून व्हीएचडीएल निघतं, त्यातून गेट्स.

मग बोर्डाचं काय अडलं? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, आकार. चिपमध्ये गेट्स लाखो-कोटींच्या घरात, ते काढून दाखवणं शक्यच नाही. नेहमीच्या बोर्डावर काहीशे भाग, म्हणजे पाच-दहा पानांत बसणारी आकृती. तिचा त्रास सहन होण्याएवढाच आहे.

दुसरं, भाग. गेट हे गेट असतं, ते प्रोग्रामला हवं तिथे घालता येतं. बोर्डावरचा प्रत्येक भाग मात्र कुणीतरी बनवून विकलेली वस्तू असते. तिची डेटाशीट, पिनांचा क्रम, किंमत, बाजारात उपलब्ध आहे की नाही, या गोष्टी 'वर्तन' लिहून आपोआप ठरत नाहीत.

तिसरं, वाचणारा. पुण्यात तपकीर गल्लीत सुटे भाग घ्यायला गेलात, तर तिथे दुरुस्ती करणारी जुनी माणसं भेटतात. पूर्वी रेडिओ आणि टीव्हीबरोबर सर्किटची आकृती मिळायची, आणि ही माणसं तिच्यावर बोट ठेवून बिघाड शोधायची. सिग्नल डावीकडून आत येतो, उजवीकडे बाहेर पडतो, वर सप्लाय, खाली ग्राउंड. हे संकेत कुठल्याही नेटलिस्टमध्ये नाहीत. एक नेहमीचं उदाहरण घ्या. बोर्डावर सप्लाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०० नॅनोफॅरडचे वीस कपॅसिटर आहेत. यादीत ते वीसच्या वीस सारखे दिसतात, कारण विजेच्या दृष्टीने सगळे त्याच दोन बिंदूंमध्ये आहेत. खरं तर प्रत्येक कपॅसिटर एका ठरावीक चिपच्या अगदी शेजारी बसायला हवा. हे आकृतीत दिसतं, कारण काढणाऱ्याने तो त्या चिपपाशी काढलेला असतो. सातबाऱ्यात नसलेली गोष्ट नकाशात असते, ती अशी.

खोडदचं उदाहरण

आता पुणे जिल्ह्यातच, पण मुळशीपासून लांब उत्तरेला, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जाऊ. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, आणि २००२ पासून ती जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी खुली आहे.

या दुर्बिणीत कोरिलेटर नावाचा भाग दर दोन डिशच्या सिग्नलांची एकमेकांशी तुलना करतो. ३० डिश म्हणजे ४३५ जोड्या. सुरुवातीचा कोरिलेटर ठरावीक कामासाठीच्या चिप्स आणि बोर्डांचा होता. काय मोजायचं हे बरंचसं त्या बोर्डांच्या जोडणीतच ठरून गेलेलं. नंतर तिथल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर सॉफ्टवेअर बॅकएंड बनवलं. त्याचा शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सिग्नल बाजारात मिळणाऱ्या कार्डांनी अंकांत बदलायचा, आणि पुढची तुलना नेहमीच्या संगणकांवर कोडने करायची. त्याची बँडविड्थ ३२ मेगाहर्ट्झ होती. दुर्बिणीच्या सुधारित आवृत्तीत ती ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली, आणि तिथे एफपीजीए बोर्ड आणि जीपीयू एकत्र वापरले गेले.

वरवर बघितलं तर 'हार्डवेअर गेलं, कोड आला' असा हा सरळ प्रवास वाटतो. पण दोन गोष्टी नीट बघा.

एक, बोर्ड कुठेही गेलेला नाही. सुधारित यंत्रणेत वापरलेले रोच नावाचे एफपीजीए बोर्ड कॅस्पर या आंतरराष्ट्रीय सहकार्यातून आलेले आहेत. बदलणारं काम बोर्डाच्या वर, कोडमध्ये गेलं. त्यामुळे बोर्ड स्वतः सर्वसाधारण झाला आणि अनेक दुर्बिणींना उपयोगी पडला.

दोन, कॅस्परच्या पद्धतीत त्या एफपीजीएचं काम कसं लिहितात? पडद्यावर ठोकळे ठेवून, रेषांनी जोडून. म्हणजे आकृती काढून! त्या आकृतीतून चिपसाठीचं वर्णन आपोआप तयार होतं. खगोलशास्त्रज्ञाच्या डोक्यात सिग्नल एका ठोकळ्यातून दुसऱ्यात वाहतो, त्यामुळे त्याला आकृती सोयीची पडते. चिपच्या जगात मजकूर जिंकल्यावरही, त्याच्या वर पुन्हा आकृती येऊन बसली.

म्हणून 'चित्राकडून मजकुराकडे' असा एकमार्गी इतिहास लिहू नका. जिथे जे वाचणं सोपं, तिथे ते मूळ होतं. आणि वाचणारा बदलला की मूळ प्रतही बदलते.

आता बोर्ड कोडमध्ये लिहिणं म्हणजे काय

एवढी पार्श्वभूमी असली की आजचे प्रयत्न नीट कळतात. २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ब्रिघम यंग विद्यापीठात बोर्डासाठी पीएचडीएल नावाची भाषा बनली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात डेव्ह व्हॅन्डेनबाउट यांचं स्किडल आलं, त्यात पायथनमध्ये भाग आणि जोडण्या लिहायच्या आणि त्यातून किकॅडसाठी नेटलिस्ट काढायची. नंतर जेआयटीएक्स, अ‍ॅटोपाइल, टीएससर्किट अशी आणखी नावं आली.

नुसतं आकृतीऐवजी ओळी लिहायच्या असतील, तर आपण १९७३ च्या स्पाइसपाशीच परत आलो. फायदा कुठे होतो, ते एका हिशोबात बघा. बोर्डावर १६ एलईडी आहेत, सप्लाय ३.३ व्होल्ट, एलईडीवर २ व्होल्ट पडतात, प्रवाह ५ मिलीअँपिअर हवा. रेझिस्टर येतो २६० ओहम, बाजारात मिळणाऱ्या किमतींत त्याच्या वरचा २७०. आकृतीत तुम्ही १६ ठिकाणी २७० लिहिता. पुढे सप्लाय ५ व्होल्ट करायचा ठरला. आता हवा ६०० ओहम, म्हणजे बाजारातला ६२०. आकृतीत १६ ठिकाणी बदल करायचा, आणि २७० मुळात का होता हे कुठेच लिहिलेलं नाही. कोडमध्ये सूत्र एकदा लिहिलेलं असतं, व्होल्टचा आकडा एका जागी बदलतो, बाकी आपोआप. म्हणजे निर्णयाबरोबर त्याचं कारणही नोंदलं जातं. वीस कपॅसिटरांचा प्रश्नही इथे सुटू शकतो. 'चिप आणि तिचा कपॅसिटर' असा एक गट कोडमध्ये करून ठेवला, की कोण कुणाचा हे हरवत नाही.

संशोधन म्हणून यातला कठीण भाग पुढेच आहे. २०२० मध्ये बर्कलीच्या रिचर्ड लिन आणि सहकाऱ्यांनी 'पॉलिमॉर्फिक ब्लॉक्स' हा शोधनिबंध मांडला. 'मला ५ व्होल्टवरून ३.३ व्होल्ट करणारा भाग हवा' एवढंच सांगायचं, आणि कुठला भाग चालेल हे व्होल्ट-अँपिअरच्या मर्यादा तपासून प्रोग्रामने सुचवायचं, अशी ही दिशा आहे. चिपच्या बाबतीत सिंथेसिसने जे केलं, त्याच्या जवळ जाणारं काहीतरी बोर्डासाठी करता येईल का? हा प्रश्न अजून खुला आहे. विषय शोधत असाल तर इथे जागा आहे.

तुमच्या प्रबंधातला बोर्ड

शेवटी कपाटातल्या बोर्डाकडे येऊ. ईगल हे सॉफ्टवेअर दोन-तीन दशकं विद्यार्थ्यांचं आवडतं होतं. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्कने विकत घेतलं आणि २०२३ मध्ये जाहीर केलं की ७ जून २०२६ नंतर त्याला आधार मिळणार नाही. कितीतरी प्रबंधांमधले बोर्ड ईगलमध्ये आहेत. ते वाचणार कसे? यात वाचवणारी एक गोष्ट आधीच होऊन गेली होती. २०१२ च्या सुमारास ईगलच्या फाइली एक्सएमएल, म्हणजे वाचता येणारा मजकूर, झाल्या होत्या. त्यामुळे किकॅडसारखी दुसरी सॉफ्टवेअर त्या उघडू शकतात. किकॅडच्या स्वतःच्या फाइलीही मजकुराच्याच आहेत. काढायला आकृती, साठवायला मजकूर, असा हा मधला मार्ग. तोही पूर्ण नाही. चिन्ह थोडं सरकवलं तरी फाइलीत आकडे बदलतात, आणि त्या गर्दीत २७० चे ६२० कुणी केले हे शोधावं लागतं.

म्हणून बोर्ड बनवायला बसण्याआधी तीन प्रश्न लिहून ठेवा. माझी मूळ प्रत कुठली, आणि बाकीच्या प्रती तिच्यापासून कशा निघतात? ती मूळ प्रत, मी वापरलेलं सॉफ्टवेअर बंद पडल्यावरही, वाचता येईल का? आणि प्रत्येक किमतीमागचं कारण कुठे लिहिलं आहे? मूळ प्रत आकृती असेल तर कारणं शेजारी टिपून ठेवा. मूळ प्रत कोड असेल तर प्रबंधात माणसाला वाचायला एक स्वच्छ आकृती द्याच, कारण परीक्षकही तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यासारखाच बोट ठेवून वाचणार आहे.

आणि हे नुसतं वाचून सोडू नका, करून बघा. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ई-सिम नावाचं मोफत सॉफ्टवेअर बनवलं आहे. आधी त्याचं नाव ऑस्कॅड होतं. त्यात किकॅडने आकृती काढायची आणि एनजीस्पाइसने सिम्युलेशन करायचं. वरचा दोन भागांचा फिल्टर त्यात काढा, नेटलिस्ट तयार करा आणि ती फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून ओळ न् ओळ वाचा. मग तोच फिल्टर स्किडलमध्ये लिहा आणि त्यातून निघालेली यादी पहिलीच्या शेजारी ठेवा. दोन्हींची मांडणी वेगळी असेल. पण कुठली पिन कुठल्या बिंदूला लागते हे सारखंच यायला हवं. मग कुठल्या यादीत काय जास्त आहे आणि काय हरवलं आहे, त्याची अर्धं पान नोंद लिहून काढा. संशोधनाच्या वहीतलं पहिलं पान म्हणून ती चांगली आहे.